नावाची जागा

"भोंगा तोंडाजवळ धरून म्हण," दौलतभाऊ म्हणाले. "अन् नावाच्या जागेवर आलीस की थांब. नाव मी घेईन."

हे मला सांगायची काही गरज नव्हती. मोठ्या जिनिंगच्या फाटकासमोर बैल सोडून उभ्या केलेल्या गाडीवर मी चढले होते, नुकतीच मॅट्रिक झालेली, दोन वेण्यांची मुलगी, आणि 'सरकी' ही कविता मला झोपेतून उठवून म्हणायला लावली असती तरी मी म्हटली असती.

आमचं गाव वऱ्हाडातलं, कापसाचं. हंगामात गाड्यांच्या रांगा लागायच्या, जिनिंगच्या आवारात घरापेक्षा उंच कापसाच्या गंज्या उभ्या राहायच्या आणि आत रेचे धडधडायचे. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. त्याच्या दातांत काही गेलं की पिंजूनच बाहेर यायचं, मग तो कापूस असो की कुणाची बोटं. बाबा त्या रेच्यांचे मिस्त्री होते. आई मी लहान असतानाच गेली. घरात आम्ही दोघंच, आणि तिसरे दौलत टापरे. ते त्यांच्या पातळ, स्वस्तातल्या कागदावर छापलेल्या पुस्तकातून आमच्याकडे राहायचे.

दौलतभाऊ त्याच जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होते. कापूस तोलता तोलता कविता लिहायचे. संप झाला तेव्हा पुढारीही तेच झाले, कारण त्यांच्यासारखं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. बाई कामाला निघते, गंजीखाली लेकरू झोपवते, तिच्या केसांत रुई अडकते, हे सगळं त्यांच्या कवितेत जसंच्या तसं असायचं. शाळेच्या पुस्तकात आम्हाला चांदणं आणि पारिजातक होते. माझ्या गल्लीवर, माझ्या बाबांच्या काळ्या नखांवर कविता होऊ शकते, हे मला या माणसाने दाखवलं. मी त्या कवितांवर जीव टाकला होता. मैत्रिणी चिडवायच्या, "कवितांवर की कवीवर?" मी त्यांना शिव्या घालायची. बाबांकडून शिकलेल्या, अस्सल.

'सरकी'मध्ये एका ओळीत जागा रिकामी होती. छापील पुस्तकात तिथे तीन टिंबं होती. ज्या फाटकावर कविता म्हटली जाईल तिथल्या फितुराचं नाव त्या टिंबांच्या जागी घ्यायचं, असा रिवाजच पडला होता. म्हणणाऱ्याने थांबायचं, दौलतभाऊंनी नाव घ्यायचं, आणि मग सगळ्या जमावाने एका आवाजात उत्तर द्यायचं. स्टेशनजवळच्या जिनिंगवर एका मुकादमाचं नाव घेतलं, तर संध्याकाळपर्यंत त्याचे पुढचे दात राहिले नाहीत. दुसरीकडे एक कारकून बायकोपोरांसकट गाव सोडून पळाला. आम्ही हे किस्से एकमेकांना हसत सांगायचो. फितुराचं असंच व्हायला पाहिजे, यात कुणाला शंका नव्हती.

त्या दुपारी मात्र फाटकावर जीव नव्हता. संप लांबला होता. लोक सावली बघून बसले होते, बायका उठून जायच्या तयारीत होत्या. दोघीतिघी तर उघड म्हणत होत्या की उद्या आत जाऊ, लेकरांना काय दगड खाऊ घालायचे? दौलतभाऊंना ते ऐकू येत होतं. ते गाडीच्या जुवाला टेकून उभे होते आणि ओठ चावत होते.

मी गर्दीत बाबांना शोधत होते. सकाळपासून ते घरी नव्हते. आमचे शेजारी शेषरावकाका गाडीजवळच उभे होते. मी वाकून विचारलं, "काका, बाबा दिसले का?"

"असंन इथंच कुठं," ते म्हणाले. "तू म्हन बाप्पा लवकर. लोकं चालले उठून."

मी सुरुवात केली.

"रुई गेली गाठीत बसून, गाठ गेली बोटीत बसून,
आम्ही राहिलो सरकी.
काळी, टणक, पायाखाली येणारी.
पाय घसरतील तुमचे, सांगून ठेवतो."

दुसऱ्या ओळीला बसलेले लोक उठून उभे राहिले. त्या कवितेत ती ताकद होती, आजही आहे, मी खोटं कशाला बोलू? उपाशी, कंटाळलेली माणसं गाडीभोवती गोळा झाली आणि माझ्याबरोबर ओठ हलवायला लागली. मला वाटलं, मीच त्यांना उभं केलं.

"आमच्या ताटात जेवला, आमच्या बाजेवर निजला,
आमच्या घामाचा वास घेऊन साहेबाच्या दारात गेला
तो..."

मी थांबले. भोंगा दौलतभाऊंच्या बाजूला वळवला. त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि म्हणाले, "माणिक ढोले."

माझ्या बाबांचं नाव.

मला वाटलं त्यांची चूक झाली. माणूस चुकतो, तोंडातून भलतंच नाव निघतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आता डोळे उघडतील, जीभ चावतील. त्यांनी डोळे उघडले नाहीत. लोकही एकमेकांकडे बघायला लागले. माणिक मिस्त्री म्हणजे कोण, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. अर्ध्या लोकांची बोटं बाबांनी रेच्यातून वाचवली होती.

मग कुणीतरी ओरडलं, "सकाळी मॅनेजरसंगं आत जातांनी म्या पाह्यला!"

"म्याही पाह्यला. मांगच्या दारानं गेला."

"आरं, मिस्तरी? आपला मिस्तरी?"

"त्याच्याबिगर रेचे कोन चालू करन? मालकानं त्यालेच धरला!"

दौलतभाऊंनी भोंगा माझ्या हातातून घेतला. मोठ्याने विचारलं, जसं कवितेत आहे तसंच:

"काय करायचं त्याचं?"

"घाला रेच्यात!"

ते उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं होतं. स्वतः दिलं होतं.

"नाही!" मी ओरडले. "दौलतभाऊ, थांबवा! बाबा तसे नाहीत, तुम्हाला माहीत आहे!" पण भोंगा त्यांच्या हातात होता आणि माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नव्हता.

आणि नेमकं तेव्हाच फाटकातलं लहान दार उघडून बाबा बाहेर आले. सदरा काळा, तोंड काळं, डोक्यात कापूस. उजवा हात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. त्यांनी गर्दी बघितली, गाडीवर मला बघितलं आणि ते चक्क हसले. काम फत्ते झाल्यावर हसायचे तसे. ते काहीतरी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं.

पहिला दगड त्या उघड्या तोंडावर बसला.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मी गाडीवरून उडी मारली, पाय मुरगळला, माणसांच्या पायांतून घुसले. धोतरं, पायजमे, लुगड्यांचे काष्टे, धूळ, आणि मध्ये कुठेतरी बाबांची वहाण. काठीचा आवाज मातीवर वेगळा येतो आणि माणसावर वेगळा येतो. मी तो फरक त्या दिवशी शिकले. एका हाताला मी चावले, मांस तोंडात येईपर्यंत चावले, आणि वर बघितलं तर ते शेषरावकाका होते. त्यांनी मला ओळखलंच नाही. त्यांनी मला झटकून दिलं आणि हातातली उभारी पुन्हा उचलली. बैलगाडीच्या कडेला लावायचा उभा दांडा, भरीव बाभळीचा. ती बाबांच्या गुडघ्यावर पडली तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून एक बाई ओकली.

आणि हे सगळं चालू असताना कविता थांबली नव्हती. म्हणायला मी नव्हते, तरी लोकांना ती पाठ होती. मारणारे आणि बघणारे, सगळे मिळून म्हणत होते, आणि काठ्या त्या तालावर पडत होत्या.

"मग हात धुऊन घ्या, गड्यांनो,
सांज झाली, लेकरं भुकेली,
याच हातांनी घास भरवायचे आहेत."

"उचला त्याले! चला रेच्यावर!" कुणीतरी म्हणालं, आणि चौघांनी बाबांना हातापायांनी उचललं. ते खरंच त्यांना आत नेत होते. फाटक ढकलून उघडलं. मी बाबांच्या सदऱ्याला लोंबकळत होते, ओरडत होते, कुणीतरी माझ्या पाठीत लाथ घातली. आवारात शिरल्यावर त्यांची पावलं मंदावली. संपामुळे इंजिन थंड होतं. रेचे मुके उभे होते. इंजिन बंद होतं म्हणून माझे बाबा वाचले, माणसांमुळे नाही.

आणि तिथेच सगळ्यांना वास आला.

जळक्या कापसाचा वास. कोपऱ्यातली मोठी गंजी, आमच्या वस्तीच्या भिंतीला लागून असलेली, अर्धी उपसून ठेवली होती. आतला कापूस कोळसा झाला होता, त्यावर पाणी ओतलेलं होतं, अजून वाफ निघत होती. ओला कापूस गंजीत राहिला की आतून तापतो. बाहेरून पांढरा शुभ्र दिसतो आणि पोटात आग धुमसत असते. मग वारा लागला की भडकते. भिंतीपलीकडे आमची घरं, वर सगळी गवताची छपरं. तिथे म्हाताऱ्या होत्या, तान्ही मुलं होती.

शेषरावकाकांनी बाबांच्या हातावरचं गोणपाट सोडलं. कोपरापर्यंत कातडी नव्हती. गंजी किती तापली आहे, हे हात घालूनच बघावं लागतं.

"मिस्तरी," शेषरावकाका म्हणाले. "मिस्तरी, तू इझवत होता काय रे?"

बाबांना बोलता येत नव्हतं. जबडा एका बाजूला लोंबत होता.

काकांनी उभारी टाकली, बाबांना पाठीवर घेतलं आणि ते सरकारी दवाखान्यापर्यंत पळत गेले. मी मागे लंगडत धावत होते. माझ्या दातांची खूण त्यांच्या हातावर होती आणि तिथून रक्त ठिबकत होतं. वाटभर ते रडत होते. माझ्या आयुष्यात मी कुणाचा इतका तिरस्कार केला नाही आणि त्याच वेळी कुणाचे इतके उपकार मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतभाऊ दवाखान्यात आले. बाबांचा जबडा तारेने बांधला होता, पाय वर टांगला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जगतील, पण तो पाय आता दुमडणार नाही.

दौलतभाऊ खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"चूक झाली, कुमुद," ते म्हणाले. "मले कोणी सांगतलं की तो आत गेला. मी विश्वास ठेवला. आगीचं मले माहीत नव्हतं."

"एकदा विचारायचं होतं!"

"हो."

"मला विचारायचं होतं! मी शेजारी उभी होते! माझ्याच तोंडून कविता म्हणवून घेतलीत आणि..."

उशाशी पाण्याचा पितळी तांब्या होता, भरलेला. मी तो उचलला आणि त्यांच्या तोंडावर मारला. कपाळ फुटलं. पाणी आणि रक्त एकदमच सदऱ्यावर आलं. मी पुन्हा मारला. ते मागे सरले नाहीत, हातही वर केला नाही.

"मार," ते म्हणाले. "अजून मार."

मी तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा खाटेवरून घशातला आवाज आला. बाबा माझ्याकडे बघत होते. बांधलेल्या जबड्यातून शब्द निघत नव्हता, पण चांगला हात ते हलवत होते. पुरे. पुरे. मी तांब्या खाली ठेवला. दौलतभाऊंनी बाबांकडे बघितलं, बाबांनी त्यांच्याकडे. मग ते निघून गेले, आणि मी समजले की बाबांनी त्यांना माफ केलं.

त्याच आठवड्यात मालक नमला. फाटकावरचा प्रकार बघून तो घाबरला असणार. संप जिंकला. मिरवणूक निघाली, गुलाल उधळला, आमच्या दारावरून जाताना लोकांनी घोषणा थांबवल्या, तेवढीच काय ती लाज. दौलतभाऊ पुढे मोठे झाले. मुंबईला गेले, पुस्तकं आली, पारितोषिकं आली.

मी मराठी घेऊन एमए केलं आणि जिल्ह्याच्या गावी कॉलेजात शिकवायला लागले. बाबांना बरोबर नेलं. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण दौलत टापरेंच्या कविता मी सोडल्या नाहीत. बरीच वर्षं पुस्तकाला हात लावला नाही, मग एकदा लावला आणि उभ्या उभ्या अर्धं वाचून काढलं. सगळं अजून तितकंच जिवंत होतं. काही ठिकाणी आरडाओरडा जास्त वाटला, बायकांवरच्या काही ओळी तर किळसवाण्या होत्या, पहिल्यांदा कशा दिसल्या नाहीत कोण जाणे. पण बाकीचं? तसं लिहिणारा दुसरा झाला नाही. स्टाफरूममध्ये कुणी त्यांच्याबद्दल वेडंवाकडं बोललं तर मी म्हणायचे, "रागाच्या भरात माणूस चुकला. कविता चुकलेली नाही." हे वाक्य मला फार आवडायचं. त्यावर माझी बरीच वर्षं निभावली.

दौलतभाऊ वारले त्याच्या पुढच्या वर्षी 'सरकी' बीएच्या अभ्यासक्रमाला लागली. शिकवायची माझ्याकडे आली. आदल्या दिवशी दुपारी मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते. बाबा समोर बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते, ताठ पाय पुढे करून.

"काय वाचून राह्यली?" त्यांनी विचारलं. जबडा वाकडाच जुळला होता, त्यामुळे शब्द एका बाजूने यायचे.

"उद्याचा धडा."

"दौलतची हाये न?"

मी मान हलवली. त्यांच्यासमोर हे पुस्तक मी कधी उघडत नसे. त्या दिवशी का उघडलं, सांगता येणार नाही. तो माणूस मेला होता, एवढंच असेल.

"मंग मोठ्यानं वाच की."

"बाबा, राहू द्या."

"पोरायले काय सांगशीन? त्या नावाच्या जागेचं?"

"सांगेन की तिथे ज्या त्या फाटकावरचं नाव घ्यायचे. आणि एकदा चुकीचं नाव घेतलं गेलं."

बाबांनी शेंग सोलायची थांबवली. "चुकीचं नाई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"त्याले माहीत होतं, कुमुद."

"काय माहीत होतं?"

"आग. मी त्यालेच इचारून आत गेलतो. संप चालू, तं पुढाऱ्याले न इचारता कसा जाईन? सकाळीच त्याच्या घरी गेलो. म्हटलं, दौलत, गंजी आतून तापली, वास येऊन राह्यला, वस्ती जळन. तो म्हने, जा. पन कोनाले सांगू नोको. लोकं म्हनतीन, जळू द्या मालकाचा माल, अन् तुले जाऊ देनार नाईत." त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. "खरं होतं ते. नसतं जाऊ देलं."

"त्यांनीच पाठवलं तुम्हाला? आणि दुपारी त्यांनीच..."

"लोकं उठून चालले होते न. संप मोडत होता. त्याले नाव पाहिजे होतं. मी आत होतो, लोकायनं पाह्यलं होतं. झालं."

"दवाखान्यात येऊन माझ्या तोंडावर खोटं बोलले. आणि तुम्ही मला हात करून थांबवलंत!"

"मंग? मारून टाकू देतो?"

"नंतर सांगायचं होतं! बोलायला यायला लागल्यावर!"

"कोनाले सांगू? शेषरावले?" बाबा पहिल्यांदाच चिडले. "तो रोज मले पाठीवर घेऊन परसाकडे नेत होता. पावसापान्यात. त्याले सांगू का बाबा, तुह्या हातून मुद्दाम करोलं? त्यानं तं दौलतले उभा चिरला असता. अन् फासावर गेला असता. एकाचं झालं तेवढं पुरे नाई काय?"

"आणि मला?"

"तुले?" ते वाकड्या तोंडाने हसले. "तू तांब्यावर थांबली असती काय?"

मी उठले. हातातलं पुस्तक दोन्ही बाजूंनी धरलं आणि ओढलं. जाड पुठ्ठ्याची नवी आवृत्ती, सहजासहजी फाटेना. माझ्या तोंडून शिव्या येत होत्या, प्राध्यापिकेला न शोभणाऱ्या. तो माणूस जिवंत असता तर मी त्याच दिवशी मुंबईची गाडी धरली असती, आणि पितळी तांब्या नेला नसता, कोयता नेला असता. इतकी वर्षं मी वर्गावर्गातून त्याची बाजू घेतली. रागाच्या भरात चुकला! कसला राग? गाडीला टेकून, ओठ चावत, त्याने शांतपणे हिशेब केला होता, आणि मग डोळे मिटले होते. मला वाटायचं ते कवितेत बुडतात. त्याला माझं तोंड बघायचं नव्हतं.

"फाडू नोको," बाबा म्हणाले.

"का? का फाडू नको?"

"चांगली हाये ती."

"बाबा, तिने तुमचा पाय घेतला!"

"पाय शेषरावनं घेतला, नाव दौलतनं. कविता चांगली हाये." ते हट्टाने म्हणाले. "दवाखान्यात पडल्या पडल्या मी काय करत होतो मालूम? बोलता येत नोतं, तं मनात तेच म्हनत होतो. त्या जागेवर दुसरं नाव घालून पाह्यलं. मालकाचं घातलं. मॅनेजरचं घातलं. दौलतचंही घालून पाह्यलं, नाई असं नाई. एकही बसत नाई. माहंच बसते. त्यानं बरोबर बसवलं होतं."

मी खाली बसले. रडू येत होतं ते रागाचं होतं.

"वाच," बाबा म्हणाले. "उद्या पोरायसमोर वाचाचीच हाये न? मंग आधी माह्यासमोर वाच. अन् तिथं आली का थांबू नोको. माहं नाव घे."

"मला नाही जमणार."

"जमते. तुहा आवाज चांगला होता. गाडीवरून म्या आतमंदी आयकला होता. मोठ्या कौतुकानं बाहेर आलो."

मी पुस्तक उघडलं. पान चुरगळलं होतं, ते सरळ केलं आणि वाचायला लागले. रुई गेली गाठीत बसून. पहिल्या ओळीलाच आवाज सापडला. मला त्याचा संताप आला, पण सापडला. बाबा डोळे किलकिले करून ऐकत होते, मान हळूहळू डोलत होती, सोललेल्या शेंगांची टरफलं मांडीवर तशीच होती. काळी, टणक, पायाखाली येणारी. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता. आमच्या ताटात जेवला. आमच्या बाजेवर निजला. मी वेग कमी केला नाही. टिंबं आली आणि मी सरळ म्हटलं:

"तो माणिक ढोले."

बाबांचा हात वर गेला. भाजलेला, सुरकुतलेला उजवा हात डोक्यावर आडवा झाला, मान खांद्यात गेली, टरफलं खाली सांडली. त्यांना ते कळलंही नव्हतं. चेहऱ्यावरचा आनंद तसाच होता.

मला पुढे वाचता आलं नाही.

बाबांनी माझी वाट बघितली. मग, हात डोक्यावर तसाच धरून, वाकड्या जबड्यातून, मधला सवाल-जवाब गाळून, त्याच्या पुढची ओळ त्यांनी स्वतः म्हटली.

"मग हात धुऊन घ्या, गड्यांनो..."